म्युझिक प्लेअर दरवेळी ‘अपडेटिंग लायब्ररी’वर अडकतो तेव्हा

लक्षण असे: प्लेअर सुरू केला की पडद्यावर ‘अपडेटिंग लायब्ररी’ येते, गाण्यांचा आकडा वाढत जातो आणि एका ठिकाणी थिजतो. मग कुठलेच बटण दाद देत नाही. पॉवरचे बटण दाबून धरायचे किंवा टाचणीने रीसेट करायचे, आणि पुन्हा सुरू केला की अपडेट पहिल्यापासून. कार्ड काढून ठेवले तर प्लेअर अगदी ठीक. कार्ड फॉरमॅट करून तीच गाणी परत भरली की पुन्हा तेच.

माझा हा पहिलाच असा प्लेअर. छोटा पडदा, मोजकी बटणे आणि मायक्रोएसडी कार्डाची एक खाच. बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली नाट्यगीते, रेडिओवरून टेप केलेल्या मैफली, सीडीवरून काढलेले अभंग आणि विकत घेतलेले थोडे फ्लॅक (आवाजातले काहीही न गमावता लहान केलेल्या फाइलींचे) अल्बम, असा सगळा साठा त्यात हवा होता. असा मिश्र साठा मराठी घरांत सर्रास सापडतो, आणि प्लेअर अडकण्याची कारणेही अशाच साठ्यात जास्त असतात. दुकानदाराने पीस बदलून दिला. नवा पीस त्याच कार्डावर, त्याच आकड्याशी अडकला. तिथेच दिशा कळली. दोन वेगळी यंत्रे एकाच जागी थांबत असतील, तर कारण कार्डावर काय आहे त्यात शोधायला हवे. फॉरमॅटने दुखणे का जात नाही, याचेही उत्तर त्यातच आहे: फॉरमॅटनंतर आपण तीच फाइल पुन्हा कार्डावर नेऊन ठेवतो.

अपडेट चालू असताना आत काय होते

फोन वापरून आलेल्या माणसाला हे कधी दिसत नाही. लायब्ररी अपडेट करताना प्लेअर कार्डावरची प्रत्येक ध्वनिफाइल उघडतो, तिच्यातला टॅग वाचतो, म्हणजे गाण्याचे नाव, गायक, अल्बम, क्रमांक, आणि काही मॉडेलांत मुखपृष्ठाचे चित्रही काढून घेतो. हे सगळे तो आपल्या सूचीत लिहितो. फोनमध्ये हेच काम मागच्या मागे चालते. एखादी फाइल कळली नाही तर फोन ती सोडून पुढे जातो, शिवाय त्याच्याकडे काही जीबी मेमरी असते. छोट्या प्लेअरकडे मेमरी अगदी बेताची असते, आणि त्याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बिघडलेल्या फाइलीचा विचार केला नसेल तर तो तिथेच बसून राहतो. त्या फाइलीपर्यंतची सूची पूर्ण लिहिली गेलेली नसल्यामुळे पुढच्या वेळी सुरुवात शून्यापासून होते.

खरोखर अडकला आहे की नुसता हळू चालला आहे, हे आधी ठरवा. काही हजार गाणी पहिल्यांदा वाचायला वेळ लागतोच. बॅटरी पूर्ण भरा, ‘ऑटो पॉवर ऑफ’ची वेळ असेल तर ती बंद करा (काही प्लेअर अपडेट चालू असतानाही या वेळेला झोपी जातात) आणि थांबा. पंधरा मिनिटांत आकडा एकदाही हलला नाही, तर अडकला असे धरा.

आकडा कुठे थांबतो ते लिहून ठेवा

माझ्या मते सगळ्या शोधात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे आणि हीच बहुतेक जण गाळतात. दोन-तीनदा अपडेट करून बघा आणि थांबलेला आकडा दरवेळी कागदावर लिहा. दरवेळी तोच आकडा आला तर एखादी ठरावीक फाइल कारण आहे. आकडा दरवेळी वेगळा असेल तर कार्ड, कार्डाची खाच किंवा बॅटरी यांच्याकडे वळा. आणि थोडी गाणी ठेवली की सगळे सुरळीत, भरपूर ठेवली की मात्र शेवटाकडे कुठेतरी थांबतो, असे असेल तर प्लेअरची सूचीची मर्यादा संपली आहे. ही मर्यादा मॉडेलनुसार बदलते आणि ती माहितीपुस्तिकेत छापलेली आहे का ते बघा. तिला तोड नाही. गाणी कमी करायची, किंवा सूची बाजूला ठेवून ‘फोल्डर’ या पर्यायातून ऐकायचे. फोल्डरमधून ऐकताना बऱ्याच प्लेअरना लायब्ररी लागतच नाही, म्हणून शोध चालू असेपर्यंतही तो मार्ग उपयोगी पडतो.

पहिला संशय: ठिपक्याने सुरू होणाऱ्या फाइली

माझ्या कार्डावरची अर्धीअधिक अडचण इथे सुटली. माझी गाणी बहिणीच्या मॅकवरून कार्डावर चढवली होती. मॅकची स्वतःची फाइल-व्यवस्था फाइलीसोबत काही जादा माहिती ठेवते. एफएटी३२ किंवा एक्सफॅट (कार्डावर फाइली मांडून ठेवण्याच्या दोन पद्धती) कार्डावर ती ठेवायला जागा नसते, म्हणून मॅक अशा प्रत्येक फाइलीच्या जोडीला आणखी एक छोटी फाइल लिहितो. तिचे नाव मूळ फाइलीचेच, फक्त सुरुवातीला एक ठिपका आणि अंडरस्कोर. शेवटचे ‘.एमपी३’ तसेच राहते. मॅकवर ती दिसत नाही. प्लेअरला मात्र ती गाणे वाटते. तो ती उघडतो, आत ध्वनी नाही, टॅग नाही. एखादा प्लेअर ती यादीत गाणे म्हणून दाखवतो आणि वाजवताना शून्य सेकंद दाखवून पुढे उडी मारतो. माझ्या प्लेअरसारखा एखादा तिथेच थिजतो.

मॅक वापरत नाही म्हणून हा भाग सोडू नका. मॅकवर तयार केलेली झिप फाइल कुणी पाठवली आणि तुम्ही ती विंडोजवर उघडली, तरी आत ‘मॅकओएसएक्स’ नावाचे एक वेगळे फोल्डर निघते आणि त्यात हीच पिल्लावळ असते. पूर्ण फोल्डर उचलून कार्डावर टाकले की तीही सोबत जाते. नातेवाइकांकडून आलेल्या कीर्तनाच्या आणि घरगुती मैफलींच्या झिप फाइलींत मला हे पुन्हा पुन्हा सापडले आहे.

काढायच्या कशा? विंडोजवर फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करा, कार्डावर सगळ्या एमपी३ फाइली शोधा आणि निकाल आकारानुसार लावा. या जोडफाइली बहुधा ४ केबीच्या असतात, त्यामुळे एका ठिकाणी गोळा होतात. गाणे ४ केबीचे असूच शकत नाही, म्हणून कार्डावरून त्या निर्धास्तपणे पुसा. मॅकवर असाल तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) ‘डॉट_क्लीन’ ही आज्ञा ‘-एम’ जोडून कार्डावर चालवा. ती या जोडफाइली पुसून टाकते. यानंतर त्या मॅकवर कार्डात काही बदल करायचा नाही, लगेच ‘इजेक्ट’ करायचे. पुढे कधीही नवी गाणी घातली की आज्ञा पुन्हा चालवावी लागते. ही समस्या परत परत येते ती यामुळेच. एकदा सफाई केली म्हणजे कायमचे मिटले असे होत नाही. नवा अल्बम येतो तेव्हा त्याच्या जोडफाइलीही येतात.

दोषी फाइल अर्ध्या-अर्ध्याने शोधा

सफाईनंतरही एकाच आकड्याशी थांबत असेल, तर एखादे खरे गाणेच बिघडलेले आहे. हजारो गाण्यांत ते एकेक करून शोधायला जाऊ नका. संग्रह संगणकावर सुरक्षित आहे याची खात्री करा, कार्ड रिकामे करा आणि निम्मीच फोल्डरे त्यावर टाका. अपडेट नीट झाले तर दोष दुसऱ्या निम्म्यात, अडकले तर याच निम्म्यात. जो भाग दोषी, त्याचे पुन्हा दोन भाग. ४,०९६ गाणी असतील तरी १२ वेळा निम्मे केले की एक गाणे हाती उरते. प्रत्यक्षात फोल्डरपर्यंत पोहोचायला याहून कमी वेळा पुरते.

या पद्धतीत एक खुबी आहे. दोन्ही निम्मे भाग वेगवेगळे नीट चालले आणि एकत्र ठेवल्यावर अडकले, तर कुठलीच फाइल दोषी नाही. वर सांगितलेली मर्यादा आड येते आहे. दोन्ही भाग अडकले तर दोषी फाइली एकाहून जास्त आहेत किंवा कार्डच खराब आहे.

सापडलेली फाइल बहुधा अर्धवट निघते. डाउनलोड मध्येच तुटलेले असते, कार्ड घाईने काढल्याने कॉपी अपुरी राहिलेली असते, किंवा ओरखडे पडलेल्या सीडीवरून काढताना मधला भाग गेलेला असतो. संगणकावर ती वाजते, कारण संगणकाचे प्लेअर बरेच सहनशील असतात. त्यामुळे ‘इथे तर वाजते’ हा पुरावा धरू नका. एमपी३ फाइली तपासायला ‘एमपी३व्हॅल’ हा मोफत प्रोग्रॅम आहे, तो पूर्ण फोल्डर तपासतो आणि किरकोळ दोष दुरुस्तही करतो. फ्लॅक फाइलींचे काम जास्त सोपे, कारण त्यांच्यात मूळ ध्वनीची पडताळणीची खूण साठवलेली असते. फ्लॅकच्या स्वतःच्या साधनाला ‘-टी’ जोडून आज्ञा दिली की फाइल शाबूत आहे की नाही हे नेमके कळते. बाबांच्या एका दुर्मीळ टेपची फाइल अशीच मधे तुटलेली निघाली. ती टाकवत नव्हती, म्हणून ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, जेवढा ध्वनी शाबूत होता तेवढा नव्या एमपी३ फाइलीत काढला आणि टॅग हाताने भरला. नव्या फाइलीवर प्लेअर अडकत नाही.

मुखपृष्ठाची चित्रे

फाइल शाबूत असूनही प्लेअर तिच्यावर थांबत असेल तर तिच्यातले चित्र बघा. ३,००० बाय ३,००० पिक्सेलचे मुखपृष्ठ दोन-अडीच इंची पडद्याला नको आहे, आणि ते उलगडायला लागणारी मेमरी छोट्या प्लेअरकडे नसते. दुसरी गोष्ट, जेपेग चित्रे दोन तऱ्हांची असतात: बेसलाइन आणि प्रोग्रेसिव्ह. वेबवरून उतरवलेली बरीच मुखपृष्ठे प्रोग्रेसिव्ह असतात आणि अनेक छोट्या प्लेअरना ती उघडता येत नाहीत. साधा प्लेअर जागा रिकामी ठेवतो, कच्चा प्लेअर अडकतो. मी सगळी मुखपृष्ठे ५०० बाय ५०० पिक्सेलच्या बेसलाइन जेपेगमध्ये बदलून घेतली. एमपी३टॅग किंवा किड३ या टॅग बदलण्याच्या प्रोग्रॅमांत पूर्ण अल्बम निवडून जुने चित्र काढता येते आणि नवे लावता येते.

आकडा दरवेळी वेगळा असेल तर कार्ड

बाजारात, विशेषतः स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या कार्डांत, खोटी क्षमता सांगणारी कार्डे असतात. असे कार्ड संगणकाला २५६ जीबी सांगते, आत जागा त्याच्या एक अष्टमांशही नसते. खरी जागा संपेपर्यंत सगळे सुरळीत चालते. त्यानंतर लिहिलेले नुसते नावापुरते राहते किंवा आधीच्या गाण्यांवर चढते. तपासायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफ३ हे प्रोग्रॅम आहेत. ते कार्ड पूर्ण भरतात आणि लिहिलेले जसेच्या तसे परत वाचता येते का ते बघतात. क्लास १० कार्डाचा किमान लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबी धरला, तर ६४ जीबीचे कार्ड नुसते भरायलाच पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. तरीही नवे कार्ड घेतल्याबरोबर हे करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण परत करण्याची मुदत तेव्हाच हातात असते. ६४ जीबीचे कार्ड विंडोजमध्ये ५९ जीबीच्या आसपास दिसते, त्याने घाबरू नका. कार्डावरचा आकडा हजाराच्या पटीत मोजलेला असतो, विंडोज १,०२४च्या पटीत मोजते.

फॉरमॅटबद्दल. ३२ जीबीपर्यंतची कार्डे एफएटी३२मध्ये येतात, त्याहून मोठी एक्सफॅटमध्ये. तुमच्या प्लेअरला एक्सफॅट चालते का ते पुस्तिकेत बघा. चालत नसेल तर मोठे कार्ड एफएटी३२मध्ये बदलावे लागते. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत वर्षानुवर्षे ३२ जीबीपुढे हा पर्याय मिळत नसे, रूफससारख्या प्रोग्रॅमने ते काम होते. प्लेअरच्याच मेनूत फॉरमॅट असेल तर तोच वापरलेला बरा. एफएटी३२मध्ये एक फाइल ४ जीबीहून मोठी चालत नाही, पण रात्रभराची मैफल एकाच वेव्ह फाइलीत ठेवली असेल तरच ते आड येते.

एफएटी३२ आणि एक्सफॅट या दोन्ही पद्धतींत, लिहिणे अर्धवट तुटले तर सावरून घेण्याची सोय नाही. म्हणून केबल किंवा कार्ड काढण्याआधी ‘सेफली रिमूव्ह’ किंवा ‘इजेक्ट’ दरवेळी करा. कार्डात दोष शिरला असे वाटले तर विंडोजवर ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टूल्स’मधून तपासणी चालवा. आणि अडॅप्टरमध्ये घातलेल्या कार्डावर काहीच लिहिता येत नसेल, तर अडॅप्टरच्या कडेची छोटी पट्टी ‘लॉक’कडे सरकलेली असते. मायक्रोएसडीला स्वतःला अशी पट्टी नसते.

लायब्ररी पूर्ण झाली, पण नावे वाचता येत नाहीत

देवनागरीत टॅग लिहिणाऱ्यांना ही पुढची पायरी हमखास भेटते, आणि नव्या मालकाला वाटते की अपडेट पुन्हा बिघडले. पडद्यावर नेमके काय दिसते त्यावरून कारण ओळखता येते. नावाच्या जागी चौकोन दिसत असतील तर टॅग ठीक आहे, प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हांची रांग असेल तर टॅग जतन करतानाच अक्षरे गेली आहेत, ती पुन्हा टंकावी लागतील. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या शेजारी चलनाचे गोल चिन्ह किंवा येनचे चिन्ह, असे पुन्हा पुन्हा दिसत असेल तर अक्षरे शाबूत आहेत. ती यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरे साठवण्याच्या एका पद्धतीत) लिहिली आहेत आणि प्लेअर त्यांना जुनी रोमन लिपी समजून वाचतो आहे. हे सुटते. एमपी३टॅगच्या पर्यायांत आयडी३ (एमपी३मधला टॅग लिहिण्याची पद्धत) २.३ आणि यूटीएफ-१६ निवडा आणि सगळ्या फाइली पुन्हा जतन करा. यूटीएफ-८ची सोय आयडी३च्या २.४ या नंतरच्या आवृत्तीत आली, आणि बरेच छोटे प्लेअर २.३च जास्त नीट वाचतात.

चौथा प्रकार सगळ्यांत चुटपुट लावणारा. अक्षरे दिसतात, पण ‘किशोरी’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते. ती पडद्यावर व्यंजनाच्या आधी काढण्याचे आणि अक्षरे जोडण्याचे काम प्लेअरच्या प्रोग्रॅमने करायचे असते. ते काम त्यात नसेल तर टॅगमध्ये कितीही फेरफार केले तरी उपयोग होत नाही. मी संगणकावरच्या मूळ फाइलींत देवनागरी नावे कायम ठेवली आहेत आणि कार्डावरच्या प्रतींत रोमन. आपल्या गायकांची नावे आपल्या लिपीत असावीत असे मला मनापासून वाटते, म्हणून मूळ प्रतीला हात लावलेला नाही. पुढचा प्लेअर देवनागरी नीट दाखवणारा मिळाला की तीच प्रत चढवायची.

नावे हाताळतच आहात तर एकसारखीही करून घ्या. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे प्लेअरच्या लेखी तीन गायक आहेत. अभंगांचा एखादा अल्बम अनेक गायकांचा असेल तर ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळ्या गाण्यांना एकच नाव द्या, नाहीतर त्याचे तुकडे पडतात. आणि क्रम: काही प्लेअर फोल्डरमधून वाजवताना नावांकडे न बघता कार्डावर जशी कॉपी झाली त्याच क्रमाने गाणी वाजवतात. विलंबित ख्याल आधी आणि द्रुत नंतर यायला हवा असेल तर फाइलींना ०१, ०२ असे अंक द्या आणि त्याच क्रमाने कॉपी करा. आधीच कॉपी झालेल्या एफएटी३२ कार्डाचा क्रम विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट या प्रोग्रॅमने लावता येतो.

एवढे करूनही अडकत असेल तर

तपासलेल्या, नव्याने फॉरमॅट केलेल्या कार्डावर सीडीवरून नुकतेच काढलेले, चित्र नसलेले, रोमन नावाचे एकच एमपी३ गाणे ठेवा. तेवढ्यावरही अडकला तर प्लेअरचे फर्मवेअर (त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम) कंपनीच्या संकेतस्थळावरून, अगदी आपल्याच मॉडेलचे बघून, बॅटरी पूर्ण असताना अद्ययावत करा. त्यानंतरही फरक नसेल तर कार्डाची खाच किंवा आतला बोर्ड खराब आहे. बिल घेऊन वॉरंटीच्या मुदतीत सेवा केंद्रात जा आणि सोबत ते एका गाण्याचे कार्ड न्या. ‘तुमच्या गाण्यांतच दोष असेल’ असे तिथे पहिल्यांदा सांगितले जाते. कार्ड त्यांच्यासमोर घालून प्लेअर सुरू करा, फर्मवेअरची आवृत्ती आणि थांबलेला आकडा तक्रारीच्या पावतीवर लिहून घ्या.